गजाननची रविवारची हाजिरी

गजू, तू गेला त्याले आज सोळा दिवस झाले, अन् कालपासून तू बरा होऊन घरी आलेला आहे. कोणी देवापुढे साखर ठेवली, कोणी नवस फेडाले निघालं. हे माझ्या हातानं झालं, दुसऱ्या कोणाच्या नाही. म्हणून पहिलं तुलेच सांगतो, अन् आपण बोलतो तसंच सांगतो. छापील मराठीत लिहाले गेलो तं तू म्हणशीन, काहून बे, मले निरोप समारंभाचं भाषण देऊन राह्यला का?

बालाघाटात माझ्या क्वार्टरच्या समोरच्या खोलीत बसलो आहो. शनिवारची दुपार आहे. दार आतून लावलं, खिडकी लावली. कूलर लावला तं फोन ऐकू येत नाही, म्हणून कूलरही बंद. बाहेर निघाची सोय नाही. काल चौकात आपल्या वर्गातला एक जण भेटला. म्हणे, अरे, गजाननच्या तेरवीले मी जेवलो, अन् आज पुण्याहून माझ्या साळ्याचा फोन का गजाननभाऊ बरे झाले. हे काय चाललं आहे? मी म्हटलं, नेटवर्कचं आहे काहीतरी. अन् गाडीले किक मारून पळालो. साठीले आलेला माणूस भर चौकातून पळून राह्यला, पाह्य.

हे सगळं चार वर्षांआधी मीच सुरू केलतं. तू भरवेलीच्या खाणीतल्या टाइम ऑफिसातून रिटायर झाला. सारी उमर लोकाईची हाजिरी लावली. कोण कोणत्या पाळीले आला, कोणाचं पोरगं बिमार होतं म्हणून कोण आला नाही, सगळं तुझ्या डोक्यात. दोन महिने ओट्यावर बसला अन् शीला वहिनीच्या मागे लागला, वरणात मीठ कमी काहून, दूधवाला उशिरा काहून. वहिनीनं मले फोन केला, भाऊजी, याईले काहीतरी काम लावून द्या, नाहीतं मी माहेरी जातो. मी सरकारी ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारा माणूस, मले दुसरं काय येते? मी म्हटलं, तू सांगत असतो त्या गोष्टी लिहू, ब्लॉग काढू. तू म्हणला, मराठी टाइप कराले माझ्या बोटाईले जमत नाही. मंग असं ठरलं, का शुक्रवारी तू फोनात बोलून मले पाठवाचं, शनिवारी मी बसून टाइप कराचं, अन् रविवारी सकाळी सात वाजता ते आपोआप लागाचं. नाव तूच ठेवलं, भरवेलीचा भोंगा.

तसं पाह्यलं तं आपलं सगळं असंच होतं. तू काहीतरी काढाचं, मी ते ओढत न्याचं. तू माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, तरी सातवीपासून एकाच वर्गात, अन् कोणी विचारलं तं तू सांगत होता का मी याच्यासाठी थांबलो. नापास झाला असं कधी तोंडातून निघालं नाही तुझ्या.

पहिल्या वर्षी तुले वाचणारे अकरा जण होते. त्यातले चार तुझे साडू अन् साळे, एक मी. दर सोमवारी आकडा पाहून माझं डोकं फिरत होतं. तू मात्र खूश. तू म्हणत होता, अबे, खाणीच्या गेटवरच्या चहाच्या टपरीवर तरी एका वेळी किती जण ऐकतात? सात-आठ. इथं अकरा आहेत. मी म्हटलं, टपरीवरचे चहा प्याले येतात, तुझ्यासाठी नाही. त्यावर तू दोन दिवस बोलला नाही.

मंग मी तुले फीडचं सांगतलं. तुझ्याच ओट्यावर बसून सांगतलं, कारण तुले कॉम्प्युटरच्या भाषेत सांगतलं तं तू पेंगतो. मी म्हटलं, पाळी सुटली हे पाहाले कॉलनीतली बाई खाणीच्या गेटवर जाते का? नाही जात. भोंगा वाजला का तिले घरातच कळते, अन् ती भात उतरवून ठेवते. फीड म्हणजे तेच. वाचणाऱ्यानं एकदा आपल्या फीडचा पत्ता आपल्या फोनातल्या रीडरमध्ये, म्हणजे ब्लॉग वाचाच्या ॲपात, टाकला, का आपण नवीन काही लावल्याबरोबर ते त्याच्या घरी जाऊन पडते. त्यानं रोज आपल्या दारात येऊन डोकावाची गरज नाही. तू मान हलवली, विचार केला, अन् म्हणला, म्हणजे मी न बोलावता लोकाईच्या घरात घुसीन? मी म्हटलं, ज्यानं बोलावलं त्याच्याच घरी जाशीन. हे तुले पटलं.

त्या दिवसापासून मी कामाले लागलो. प्रत्येक पोस्टच्या खाली फीडचं नारिंगी चिन्ह लावलं अन् साध्या भाषेत लिहिलं, का इथं दाबा, दर रविवारी भोंगा तुमच्या घरी ऐकू येईन. ज्याईले रीडर समजत नाही त्याईच्यासाठी फीडवरून ईमेल जाईन अशी सोय केली. मराठी ब्लॉगाईची यादी ठेवणारी एक जागा होती, तिथं आपली फीड दिली. तिच्यातून नागपूरचे, पुण्याचे, कुठले कुठले लोक येऊन पोचले. तुले शीर्षकं द्याले शिकवलं. तू "काही आठवणी, भाग सहा" असं ठेवत होता. मी म्हटलं, रीडरमध्ये पन्नास ब्लॉगाईच्या ओळी एकाखाली एक दिसतात, कोण दाबन तुझ्या भाग सहाले? ते "दोनशे काळ्या सायकलीतून आपली कशी ओळखावी" केलं, अन् त्या आठवड्यात आपली फीड घेणारे दुप्पट झाले. तू तोंडावर कौतुक केलं नाही, पण वहिनीले सांगतलं, हे मले माहीत आहे.

एका गोष्टीवर आपलं मोठं भांडण झालं. मी म्हणत होतो, फीडमध्ये पहिल्या चारच ओळी जाऊ दे, बाकी वाचाले लोक ब्लॉगवर येतीन, आकडा फिरन. तू म्हणला, माणसाले जेवाले बोलावलं अन् पानात नुसतं मीठ-लिंबू वाढलं, असं मले जमणार नाही. वाढाचं तं पूर्ण वाढ. मी तुले अडाणी म्हटलं. तू मले दुकानदार म्हटलं. आठ दिवस फोन बंद. मंग वहिनीनं मध्ये पडून दोघाईले एका ताटात पोहे दिले, अन् खाता खाता तू जिंकला. फीड पूर्ण ठेवली. खरं सांगतो, तुझंच बरोबर होतं. तू जिवंत असताना हे कबूल केलं नाही, आता करतो.

तेव्हा पूर्ण फीड ठेवली म्हणून तं मंदाताई आली. मंदाताई सोलापूरले राहते, सत्तरीच्या वर आहे, भरवेलीच्या कॉलनीत वाढली अन् लग्न होऊन गेली ते पुन्हा आलीच नाही. तिच्या नातसुनेनं तिच्या फोनात रीडर टाकून दिलं अन् त्यात एकच फीड भरली, तुझी. तिले ब्लॉगवर जाता येत नाही, दुसरं काही दाबता येत नाही. फोन टिंग करते, तिच्यापुढे तुझी अक्षरं येतात, ती वाचते, अन् काही सांगाचं असलं तं नातसून लिहून टाकते. पहिल्याच वेळी तिनं लिहिलं, का मी या कॉलनीतल्या नळावर भांडत होती, तुम्ही नळाचं लिहिलं अन् मले माझ्या मायचा आवाज ऐकू आला. तू ते मले फोनवर वाचून दाखवलं, अन् मधातच थांबला. मी म्हटलं, काय झालं? तू म्हणला, काही नाही, तुझ्या वहिनीनं मिरच्या तळाले घेतल्या.

गजू, ते दिवस लय चांगले होते. तू टपरीवर जाऊन रिटायर लोकाईले कमेंटा वाचून दाखवत होता. कोण कुठं गेला, कोणाची पोरगी कुठं दिली, कॉलनीतून उठून गेलेले लोक तुझ्या पोस्टखाली एकमेकाले सापडून राह्यलते. माझ्या साऱ्या नोकरीत कॉम्प्युटरवर मी जे केलं त्यातलं हेच एक काम मले पोरासोराईले सांगावंसं वाटते. तुझ्यामुळे ते हाती लागलं.

पण आकडा वाढला अन् मले त्याची चटक लागली. मी नियम केला, का रविवार सकाळ सात म्हणजे सात. एक रविवार चुकला तं लोक वाट पाहतीन, दोन चुकले तं फीड काढून टाकतीन. तुले हे सांगून सांगून मी तुझ्या अंगात भीती भरली. लांजीले तुझ्या भाचीचं लग्न होतं, शुक्रवार आला, अन् तू मांडवामागे भांड्याच्या ढिगाजवळ बसून मले बोलून पाठवलं. मागे बँड वाजून राह्यलता. मी ते टाइप केलं अन् वरून म्हटलं, थोडं लहान झालं या वेळी. लाज वाटाले पाहिजे होती मले.

मंग तुझ्या छातीचं निघालं. नागपूरले नेलं, ऑपरेशन झालं. तो शुक्रवारही मी सोडला नाही. रविवारी पोस्ट लागली, शीर्षक होतं "घरी आलो". त्यात लिहिलं होतं का ऑपरेशन चांगलं झालं, मी बरा आहो, घरी आलो आहो, पुढच्या रविवारी नेहमीप्रमाणे भेटू. खूप लोकाईनं आनंद कळवला. खरोखर घरी आल्यावर तू आणखी दोन बोलून पाठवल्या, एक टोपीवरच्या दिव्याची, एक पहिल्या पगाराच्या धोतराची. मंग एका गुरुवारी सकाळी तू चहाची बशी खाली ठेवली अन् झालं.

मी लोकाईले कळवलं नाही. रोज बसत होतो, रोज पान उघडत होतो. "कळवण्यास दुःख होते" इथपर्यंत लिहून पुसत होतो. दोन रविवार गेले. तेरवी झाली. लोक विचारत होते, भोंगा काहून वाजला नाही? मी उत्तर दिलं नाही. मले वाटे, जोपर्यंत मी लिहीत नाही तोपर्यंत निदान तिथं तरी तू आहे.

तेरवीच्या दिवशी तुझी पिंकी माझ्याजवळ येऊन बसली. तिची मराठी तुले माहीत आहे, इथं मध्य प्रदेशातल्या शाळेत शिकलेली, दोन वाक्यांत हिंदीवर येते. ती म्हणे, काका, पापा का ब्लॉग बंद मत होने देना. माझं मन भरून आलं, अन् मन भरून आलं का मले काहीतरी कराची खुमखुमी येते. मी ठरवलं, हा ब्लॉग माझ्या फुकटच्या खात्यावर पडून आहे, याले तुझ्या नावाचा स्वतःचा पत्ता घेऊन द्यावा. कायमचा. पोरीच्या हवाली करावा. काल सकाळी ऑफिसात जायच्या आधी मी ते केलं. जुना पत्ता बदलून नवा लावला, बटण दाबलं अन् आंघोळीले गेलो.

आता तुले समजेल असं सांगतो. फीडमध्ये नेहमी शेवटच्या दहा पोस्टी असतात, अन् प्रत्येक पोस्टले तिचा पत्ता हीच ओळख असते. मी पत्ता बदलला, तं साऱ्या दुनियेतल्या रीडराईले वाटलं का दहाच्या दहा नवीन आहेत. सगळ्या एका झटक्यात पुन्हा गेल्या, कालच्या तारखेनं. फीडवरून जाणारे ईमेलही गेले. दोन रविवार काळजीत असलेल्या लोकाईच्या हातात ताज्या तारखेची पोस्ट पडली, "घरी आलो". त्याईले वाटलं, गजाननभाऊ मधात पुन्हा भरती होते अन् आता सुटून आले. वीस वर्षं कॉम्प्युटरवर बसणाऱ्या माणसानं ही चूक करावी. एखादा पोरगा असता तं मी त्याले दिवसभर बोललो असतो.

आंघोळ करून आलो तं फोन थरथरून टेबलाच्या काठाशी आलता. अभिनंदन. देव पावला. गजाननभाऊ, जपा आता. मी धावत जाऊन पोस्टी काढून टाकल्या, पत्ता जुना केला, काय काय केलं, पण फीडनं गेलेलं परत येत नाही. लोकाईच्या घरी जे पोचलं ते त्याईच्या घरीच राहते. मी माझ्या इकडून दार लावलं तं फक्त मीच आत कोंडलो.

दुपारी तुझ्या एका जुन्या पोस्टखाली मंदाताईची कमेंट आली. तिनं लिहिलं, तुम्ही बरे झाले हे वाचलं अन् मी घरात सगळ्याईले सांगून टाकलं का आता मले कोणी अडवू नका. सोमवारी सकाळी निघतो, नातसून सोबत आहे, गाड्या बदलत गोंदियाले, तिथून बालाघाट. तुमच्या ओट्यावर बसून चहा घेतो, नळ पाहतो अन् येतो. तुमच्यासाठी शेंगदाण्याची चटणी आणून राह्यली, तिखट कमी टाकली, ऑपरेशनवाल्याले चालन.

गजू, ते वाचून मी लगेच कमेंटखाली उत्तर टाकलं का कृपा करून फोन करा, माझा नंबर हा. उत्तर नाही. ते उत्तर तिच्यापर्यंत जातच नाही, तिच्या फोनात फक्त फीड येते. तिचा नंबर नाही, पत्ता नाही, आडनावसुद्धा नाही, नुसतं "भरवेलीची मंदा". सत्तरीची बाई सोमवारी निघन, अन् तुझ्या ओट्यावर हार घातलेला फोटो पाहीन. तिले थांबवाचा एकच रस्ता आहे, या फीडमध्ये एक नवीन पोस्ट टाकाची अन् तिच्यात तू गेला असं लिहाचं. तेच मले जमून नाही राह्यलं. कालपासून या खोलीत मी तेच एक काम घेऊन बसलो आहो.

संध्याकाळी पिंकीचा फोन आला. रागावली नव्हती, तेच जास्त लागलं. म्हणे, काका, मम्मी के फोन पे सब बधाई दे रहे हैं. आप कुछ लिखते क्यों नहीं? मी म्हटलं, लिहितो बेटा. मंग आज सकाळी भरवेलीले गेलो. वाटलं, वहिनीच्या पाया पडावं. वहिनी ओसरीत तांदूळ निवडत बसली होती. मी सगळं सांगतलं, पत्ता, फीड, मंदाताई. मी म्हटलं, वहिनी, माझ्याच्यानं लिहिणं होत नाही. तिनं सूप खाली ठेवलं अन् म्हणाली, "भाऊजी, ते गेले हे मले सोळा दिवसांपासून रोज सांगा लागते. दूधवाल्याले सांगतलं, बँकेत सांगतलं, पेन्शनच्या ऑफिसात तीनदा सांगतलं, तिथं तं लिहूनही दिलं. तुमाले एकदाच सांगाचं आहे. सांगून टाका."

मी उठलो. दारापर्यंत आलो तं ती मागून म्हणे, अन् त्या बाईले म्हणा, याचं असन तं या. जागा आहे.

गाडीवर येता येता मले समजलं का मी अडून काहून राह्यलो. तू गेला हे लिहाची भीती आहेच, पण त्याच्या खाली दुसरी एक गोष्ट आहे, जी तुले माहीत आहे, मले माहीत आहे, अन् दुसऱ्या कोणाले नाही. "घरी आलो" ही पोस्ट तुझी नव्हती. ती मी लिहिलती.

तू नागपूरच्या पलंगावरून त्या शुक्रवारी मले बोलून पाठवलं, पण त्यात तसं काहीच नव्हतं. तू त्यात दुसरंच सांगतलं होतं. मी ते ऐकलं, दोनदा ऐकलं, अन् माझ्या डोळ्यापुढे आकडा आला. एवढ्या मेहनतीनं उभी केलेली फीड एका रविवारात रिकामी होईन, असं वाटलं. स्वतःले समजावलं का ऑपरेशननंतर माणसाचं मन खचते, घरी आला का गजू स्वतःच म्हणन, बरं झालं बे तू ते टाकलं नाही. अन् मी माझ्या मनानं चार गोड ओळी लिहिल्या, तुझ्या नावानं, सात वाजता लावल्या. तू तेव्हा घरी आलासुद्धा नव्हता.

घरी आल्यावर पिंकीनं तुले ती पोस्ट वाचून दाखवली. तू मले बोलावलं. मी येताना संत्री घेऊन आलो, शिव्या खाची तयारी करून आलो. तू शिव्या दिल्या नाही. उशीले टेकून बसलता, तसाच म्हणला, "सदतीस वर्षं मी दुसऱ्याची हाजिरी लावली बे. तू तं मले रिटायर झाल्यावर हाजिरीवर घेतलं."

मी संत्री सोलत राह्यलो. त्यानंतरच्या शुक्रवारी तू मले पुन्हा बोलून पाठवलं, अन् त्याच्या पुढच्या शुक्रवारी पुन्हा. टोपीवरच्या दिव्याची गोष्ट सांगताना तुले मधात चारदा थांबा लागलं, दम लागून राह्यलता. मले ऐकू आलं. मी ते थांबे गाळून टाइप केलं. लोकाईनं लिहिलं, गजाननभाऊ, तब्येत एकदम ठणठणीत वाटून राह्यली. मी ते वाचून खूश झालो, हेही सांगून टाकतो.

मले माफ कर असं म्हणाचं होतं. तुझ्या उशाशी बसून म्हणाचं होतं, रोज ठरवून येत होतो, अन् रोज दुसरंच काहीतरी बोलून जात होतो. आता म्हणतो. गजू, माफ कर. तू वाचणाऱ्याईसाठी बोलत होता, मी त्याईले मोजत बसलो. तू थकला हे मले सगळ्याईच्या आधी समजलं, कारण तुझा आवाज मीच ऐकत होतो, अन् मीच ते लपवलं. यानं तू गेला असं डॉक्टर म्हणणार नाही. पण तुले जे शेवटचे दोन शुक्रवार ओट्यावर नुसतं बसाचे होते, ते मी घेतले.

हे सगळं मी तुझ्याच ब्लॉगवर लिहून राह्यलो. रविवारची वाट आता पाहत नाही, लिहून झालं का लगेच लावतो, शनिवारीच. फीड पूर्ण ठेवली आहे, म्हणून हे सगळ्याईच्या घरी पूर्ण पोचन, माझी चोरीसुद्धा.

मंदाताई, तुम्ही वाचून राह्यल्या असान. गजानन गेला. गुरुवारी सकाळी, घरीच गेला, वहिनी जवळ होती. काल तुमच्या फोनात जे आलं ते जुनं होतं, अन् खोटंही होतं, अन् दोन्ही माझ्यामुळे. तुम्ही यावं का नाही हे मी कोणत्या तोंडानं सांगू? वहिनी म्हणते, याचं असन तं या, जागा आहे. आल्या तं मी स्टेशनवर उभा राहीन. काय बोलाचं ते बोलून घ्या, मी पळणार नाही. नळ अजून तिथंच आहे.

अन् बाकी सगळ्याईले सांगतो, रविवारी सात वाजता आता काही येणार नाही. त्यानं नागपूरहून जे सांगतलं होतं, ते माझ्या फोनात तसंच्या तसं आहे. ते तुमचं होतं, मी अडवून ठेवलं होतं. आज पहिल्यांदा काहीही न बदलता टाइप करतो, त्याचे थांबेसुद्धा.

"राम राम मंडळी. गजानन बोलतो. भरवेलीहून नाही, नागपूरहून. पलंगावर आहो. इथं खिडकी आहे, पण तिच्यातून बाजूची भिंतच दिसते... थांबा. हं. तं असं आहे का मी आता थांबतो. रुसलो नाही, कोणी काही म्हटलं नाही. सांगाचं होतं ते बहुतेक सांगून झालं. जे राह्यलं ते तुमच्यापैकी कोणाले ना कोणाले माहीत असन, ते आता तुम्ही एकमेकाले सांगत जा... मले घरी जाऊन ओट्यावर बसाचं आहे. रविवार कोणता अन् सोमवार कोणता हे मले कोणी विचारू नये, एवढंच मनात आहे. तुम्ही लय जीव लावला. म्हातारपणी एवढे लोक भेटतीन असं वाटलं नव्हतं... थांबा. माझा दोस्त हे टाइप करते, त्यानं लय मेहनत घेतली, त्याच्याशिवाय मी टपरीवरच बोलत राह्यलो असतो. त्याले वाईट वाटन. त्याले समजवा... चला. झालं. सिस्टर, मेरी उंगली नहीं चल रही, ये ज़रा आप ही बंद कर दो."